स्नेह आणि तृप्ति

महाडहून रायगडाच्या वाटेनें निघालेला प्रवासी पाचाड मागें टाकतो, तेव्हां गडाच्या अगदीं कुशींत वसलेली हिरकणीवाडी त्याला लागते. १९९६ सालापासून गडावर नेणारा रज्जुमार्ग येथूनच सुरू होतो. त्याच्या पाळण्यांत बसून कांहीं मिनिटांत वर पोंचणाऱ्या माणसाला त्या कड्याची उंची डोळ्यांना दिसते, पायांना कळत नाहीं. ज्या स्त्रीचें नांव ही वाडी आजवर मिरवीत आली आहे, तिला मात्र ती उंची हातापायांनीं मोजावी लागली, असें परंपरा सांगते.

कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? हिरकणी ही गडाखालची गवळण. रोज दुधाची घागर डोक्यावर घेऊन ती गड चढे व दूध विकून दिवस मावळण्यापूर्वीं घरीं परते. एका कोजागिरीच्या दिवशीं तिला उशीर झाला. सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे लागले आणि पहारेकरी हुकमाचे बांधलेले. घरीं तान्हें मूल भुकेनें व्याकूळ झालें असेल, या एकाच विचारानें ती कड्याच्या टोकाशीं आली आणि काळोखांत, कांट्याकुट्यांतून, दगडांना धरीत खालीं उतरली. ही हकीकत महाराजांच्या कानीं गेली, तेव्हां त्यांनीं तिचा गौरव केला आणि त्या जागीं बुरूज बांधविला. आज त्यालाच हिरकणीचा बुरूज म्हणतात.

इतिहासाची शिस्त पाळावयाची तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ही कथा लोकपरंपरेनें आलेली आहे. शिवकालीन कागदपत्रांच्या आधारावर ती उभी नाहीं. परंतु जी गोष्ट एखादा समाज पिढ्यान् पिढ्या जपतो, ती त्या समाजाच्या मनाचा कागदच होय. महाराष्ट्रांतील एस. टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठीं राखून ठेवलेल्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ हें नांव पडलें, तें उगीच नव्हे.

या कथेंत एक तपशील असा आहे कीं, त्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. हिरकणी दूध विकणारी होती. दिवसभर तिनें गडावरच्या घरोघरीं दूध घातलें. त्या दुधानें किती तरी पोटें शांत झालीं असतील. पण तिच्या बाळाला हवें तें दूध बाजारांत मिळणारें नव्हतें. तें तिलाच घेऊन जावें लागलें. भुकेलें मूल दूध पितें, रडें थांबवितें आणि पितां पितां तृप्त होऊन झोपीं जातें, हें दृश्य मनुष्यजाति अनादि कालापासून पाहत आली आहे. ‘आतां पुरे’ हें त्या बाळाला कोण सांगतें? या साध्या प्रश्नाचें कांहीं अंशीं उत्तर शास्त्राला मिळूं लागलें, तें अगदीं अलीकडे, विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्याच्या आरंभीं. तें उत्तर समजून घेण्यापूर्वीं याच रायगडावर घडलेली, आणि हिच्या उलट कागदोपत्रीं नोंदलेली, एक दुसरी हकीकत पाहण्यासारखी आहे.

१६७४ सालच्या मे महिन्यांत ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून रायगडास आला. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मिळविणें हें त्याचें काम होतें. त्याच सुमारास राज्याभिषेकाचा समारंभ ठरला होता, आणि ६ जून १६७४ रोजीं झालेला तो सोहळा त्यानें प्रत्यक्ष पाहिला. त्याची हकीकत कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर यानें आपल्या प्रवासवर्णनांत घातली. तें पुस्तक १६९८ सालीं लंडनास छापलें गेलें. सिंहासन, रत्नें, हत्ती यांचें वर्णन तेथें आहेच. पण वैद्याच्या दृष्टीला शोभेल अशी एक बारीक नोंदहि आहे, आणि ती जेवणाची आहे.

फ्रायर लिहितो त्याचा भावार्थ असा : येथील लोकांचा आहार साधा. डाळ-तांदूळ एकत्र शिजवून त्यांत भरपूर तूप घातलेली खिचडी हें त्यांचें आवडतें अन्न आणि त्यावर ते चांगले पुष्ट होतात. मांसाहाराला सरावलेल्या इंग्रजांना मात्र ती खिचडी फार दिवस रुचेना. त्यांनीं तसें कळविल्यावर गडाखालच्या एका खाटकाला त्यांना मांस पुरविण्याचा हुकूम झाला. हा खाटीक तेथल्या थोड्याशा मुसलमान गिऱ्हाइकांवर पोट भरीत असे. पाहुण्यांना रोज अर्धा बोकड लागूं लागला. म्हातारा खाटीक चकित झाला. इतक्या वर्षांत खपला नाहीं इतका माल थोड्या दिवसांत उचलणारे हे धनी आहेत तरी कसे, हें पाहण्यासाठीं तो वार्धक्यांतहि गड चढून वर आला!

रायगडाच्या कड्यावरून दूधवाली खालीं उतरते ती भुकेल्या बाळासाठीं, आणि खाटीक वर चढतो तो खादाड गिऱ्हाईक पाहण्यासाठीं. एका चढउतारांत भुकेची दोन टोकें दिसतात. या दोहोंच्या मधोमध ती तुपाची खिचडी आहे. तिनें माणूस लठ्ठ होतो कीं तृप्त होतो? फ्रायरनें पहिला पक्ष घेतला. मराठी घरांतील आजीबाई दुसरा पक्ष घेतील. वाटीभर खिचडीवर तूप सोडलें कीं मूल पुन्हां पुन्हां खाऊं मागत नाहीं, असा त्यांचा अनुभव.

संस्कृत व मराठी भाषांनीं या बाबतींत एक मोठें मार्मिक नांव ठेवलें आहे. तेलातुपाला ‘स्नेह’ म्हणतात आणि मायेलाहि ‘स्नेह’च म्हणतात. आयुर्वेदानें घृत, तैल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगितले. एकाच शब्दांत दोन अर्थ कां बसले, याची चर्चा शब्दशास्त्रज्ञांनीं करावी. पण पुढें जी हकीकत यावयाची आहे ती ऐकल्यावर श्रोत्यांना त्या जोडीचें नवल वाटल्याखेरीज राहणार नाहीं.

स्निग्ध पदार्थांच्या रसायनशास्त्राचा पाया फ्रान्समध्यें मिशेल यूजेन शेव्हरूल यानें घातला. १७८६ सालीं जन्मलेला हा शास्त्रज्ञ १०२ वर्षें जगून १८८९ सालीं निवर्तला. साबण कसा होतो याचा छडा लावतां लावतां त्यानें दाखवून दिलें कीं, चरबी हा एकजिनसी पदार्थ नाहीं; ग्लिसरीन आणि निरनिराळीं मेदाम्लें यांचा तो संयोग आहे. त्याचा या विषयावरील ग्रंथ १८२३ सालीं निघाला. त्यानें वेगळ्या केलेल्या अम्लांपैकीं एकाला तेलाच्या लॅटिन नांवावरून ‘ओलिइक अम्ल’ असें नांव मिळालें. सृष्टींत हें अम्ल सर्वत्र भरलेलें आहे. ऑलिव्हच्या तेलांत त्याचाच मोठा भरणा असतो. शेंगदाण्याच्या तेलांत तें सुमारें निम्मे असतें. साजुक तुपांतील मेदाम्लांत त्याचा वांटा सुमारें चतुर्थांश. आणि मातेच्या दुधांतील मेदाम्लांत सुमारें एकतृतीयांश. म्हणजे आईच्या दुधांतील स्निग्धांशाचें प्रमुख मेदाम्ल हेंच होय. हिरकणी जें घेऊन कडा उतरली, त्याचा हा एक भाग.

परंतु तें अम्ल म्हणजे केवळ शरीराचें सरपण, अशीच समजूत पुष्कळ काळ होती. जळण जळतें, ऊब देतें. तें घरच्यांशीं बोलत नाहीं. स्निग्ध पदार्थ शरीराशीं ‘बोलतात’ ही कल्पना हळूहळू पुढें आली. १९५७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं अंड्याचा बलक, सोयाबीन व भुईमूग यांतून दाह शमविणारें एक द्रव्य वेगळें काढलें. मेदाम्लाला इथॅनोलामीन नांवाचा लहानसा रेणु जोडला कीं तें तयार होतें. ज्या शेंगदाण्याची चटणी मराठी माणूस रोज भाकरीबरोबर खातो, त्याच्याच पोटांत ही गुप्त विद्या दडली होती.

पुढें पस्तीस वर्षांनीं याच कुळांतील दुसरें अपत्य उजेडांत आलें. भांगेचा अंमल मेंदूवर कसा चढतो, याचा शोध करतांना जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांत राफाएल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेनें १९९२ सालीं डुकराच्या मेंदूतून एक स्निग्ध द्रव्य वेगळें केलें. त्या कामांत विल्यम डेव्हेन व लुमीर हानुश हे प्रमुख होते. त्यांनीं त्या द्रव्याला नांव दिलें ‘आनंदामाइड’. आणि त्यांतला ‘आनंद’ हा आपला संस्कृतांतलाच आनंद होय. हें द्रव्य उंदरांना दिलें असतां त्यांची खाण्याची इच्छा वाढते, असें पुढें दिसून आलें. आनंदाच्या नांवाचें द्रव्य भूक चेतविणारें निघालें, ही गोष्ट वेदान्त्यांना जरा विचारांत पाडील. पण पंगतीला बसणाऱ्यांना ती सहज पटेल.

घोड्याला टांच असते, तसा लगामहि असतो. आनंदामाइड ही टांच ठरली, तर लगाम कोणता? त्याचा शोध स्पेनचे फर्नांदो रोद्रीगेस दे फोन्सेका व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेंतील दानिएले पिओमेली यांच्या मंडळींनीं २००१ सालीं प्रसिद्ध केला. आनंदामाइडच्याच घराण्यांतील, पण शेव्हरूलच्या ओलिइक अम्लापासून बनणारें ‘ओलिओइल इथॅनोलामाइड’ हें तें द्रव्य. उंदीर उपाशी असले म्हणजे त्यांच्या लहान आंतड्यांत तें घटतें आणि खाल्ल्यावर वाढतें. आनंदामाइडचा व्यवहार याच्या अगदीं उलट : उपासांत वाढ, भोजनानंतर घट. बाहेरून तें ओलिइक द्रव्य टोंचलें असतां उंदीर कमी खाऊं लागले. आंतड्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा मार्ग निकामी केला, तेव्हां मात्र हा परिणाम दिसेना. म्हणजे निरोप आंतड्यांत लिहिला जातो आणि मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूस पोंचतो, असें ठरलें.

निरोप वाचणारा कोण, हें २००३ सालीं कळलें. पेशींच्या केंद्रकांत राहून चरबीच्या ज्वलनाचा कारभार पाहणारा एक ग्राहक १९९० सालींच सांपडला होता. ओलिओइल इथॅनोलामाइड त्याच ग्राहकाला जाऊन चिकटतें. ज्या उंदरांत तो ग्राहक जन्मतःच नाहीं, त्यांच्यावर या द्रव्याचा कांहींच परिणाम होत नाहीं; ज्यांच्यांत तो आहे, त्यांचें खाणें आणि वजन दोन्ही कमी होतें. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. या द्रव्यानें उंदराचा घास लहान होत नाहीं. एका जेवणानंतर दुसऱ्या जेवणाची वेळ लांबते. भूक मरत नाहीं, ती धीर धरते.

२००८ सालच्या प्रयोगांनीं आणखी एक गांठ सोडविली. उंदरांच्या लहान आंतड्याच्या आरंभीं स्निग्ध पदार्थ सोडला तरच हें द्रव्य वाढतें. साखर किंवा प्रथिन सोडून तें वाढत नाहीं. पोटांत गेलेल्या तेलातुपाचें पित्त व पाचकरसांच्या साह्यानें पृथक्करण होतें, ओलिइक अम्ल मोकळें होतें, आंतड्याच्या अस्तराच्या पेशी तें आंत ओढून घेतात आणि त्यापासून हा निरोप घडवितात. ज्या अन्नाचा निरोप, तें अन्नच निरोपाचा कागद होतें. ब्रह्मदेशी अजगराच्या बाबतींत तर हें फारच ठळकपणें दिसलें. महिन्यामहिन्यांनीं एकदां भक्ष्य गिळणाऱ्या या प्राण्याच्या आंतड्यांत, भोजनानंतर, हें द्रव्य सुमारें तीनशें पटींनीं वाढतें. सुस्त पडलेला अजगर म्हणजे तृप्तीची मूर्तिच!

आतां या हकीकतींतील सर्वांत हृद्य भाग. आंतड्यांतून निघालेला हा निरोप मेंदूंत पोंचला म्हणजे तेथें काय होतें, याचा माग २०१० सालीं लागला. मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका केंद्रांत तो ‘ऑक्सिटोसिन’ नांवाचा स्राव जागा करतो, आणि त्या स्रावाची वाट रोखून धरली तर भुकेचा लगामहि सैल पडतो, असें उंदरांवरील प्रयोगांत आढळलें. हें ऑक्सिटोसिन वैद्यकाच्या जुन्या ओळखीचें. १९०६ सालीं हेन्री डेल यांनीं ज्या ग्रंथीच्या अर्कानें गर्भाशयाचें आकुंचन होतें असें दाखविलें, त्या अर्कांतील हा स्राव. थोड्याच वर्षांत त्याच अर्कानें स्तनांत पान्हा फुटतो, हेंहि दिसून आलें. व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनीं १९५३ सालीं त्याची घडण उकलून तो प्रयोगशाळेंत बनविला, आणि १९५५ सालीं त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. बाळाच्या रडण्याच्या आवाजासरशीं आईला पान्हा फुटतो, तो या स्रावामुळें.

म्हणजे आईचा पान्हा सोडणारा आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूंत फिरविणारा दूत एकच. दिवसभर दूर राहिलेल्या हिरकणीच्या जिवाची जी कालवाकालव झाली असेल, तिच्यांत या स्रावाचा भाग होता, असें शरीरशास्त्र म्हणेल. आणि तिच्या दुधांत ओलिइक अम्ल तर होतेंच. शिवाय मातेच्या दुधांत हें तृप्तीचें द्रव्य स्वतःहि अत्यल्प प्रमाणांत असतें, असें परीक्षणांत आढळलें आहे. ‘स्नेह’ या शब्दानें तूप आणि माया एकत्र बांधलीं, तेव्हां आपल्या पूर्वजांपुढें सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांनीं पाहिलें होतें तें एवढेंच, कीं दोन्हीं जीव निवतो. तो शब्द म्हणजे शास्त्र नव्हे. पण शास्त्राला जे दोन धागे एका गांठींत सांपडले, ते भाषेला आधीं एका घरांत दिसले होते.

या ज्ञानाचा महाराष्ट्राला उपयोग काय? या प्रदेशाचा इतिहास बव्हंशीं उपासाचा आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण लोक शतकानुशतकें सांगत आले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें मदतीच्या कामावरील मजुराची मजुरी दिवसाला रत्तलभर धान्य आणि वर थोडी नाणीं, अशा हिशेबानें कापली गेली. मजुरांनीं कामें सोडलीं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. भुकेचा हिशेब कागदावर मांडणारा आणि ती भूक सोसणारा यांच्यामधील अंतर त्या वादांत उघडें पडलें. १९७२ च्या दुष्काळांत रस्त्याच्या खडीवर बसून सुकडी खाल्लेलीं माणसें आजहि गांवोगांव आहेत. अशा देशांत ‘भूक कमी करणारें द्रव्य’ ही भाषा कित्येक पिढ्यांना थट्टाच वाटली असती.

परंतु आज एकाच शहरांत दोन्ही चित्रें दिसतात. कोणाचें मूल अर्धपोटीं निजतें, तर कोणाचें मूल वजनानें दमतें. बंद पुड्यांतील तळीव पदार्थ हाताशीं असतात, जेवणाला वेळ राहत नाहीं आणि चालणें संपलें आहे. अशा वेळीं या शोधाची वार्ता ऐकून कित्येकांना वाटेल कीं, स्निग्ध पदार्थ भूक आवरतात, तर मग ते हवे तितके खावे. येथेंच सावध राहिलें पाहिजे. २०१३ सालच्या एका संशोधनांत दीर्घकाळ अतिस्निग्ध आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या आंतड्यांत हेंच तृप्तीचें द्रव्य क्षीण झालेलें आढळलें. सारखा ओढलेला लगाम जसा घोड्याला जाणवेनासा होतो, तसेंच हें. त्यांना तें द्रव्य पुन्हां पुरविलें, तेव्हां कमी स्निग्ध अन्नाचीहि गोडी त्यांना वाटूं लागली. या द्रव्याच्या गोळ्याहि आतां बाजारांत मिळतात. पण माणसांवरील त्यांचे प्रयोग अजून थोडे व लहान आहेत. उंदराच्या आंतड्यांत सिद्ध झालेली गोष्ट माणसाच्या कमरेवर सिद्ध झाली, असें मानून पैसे मोजणें हें शहाणपणाचें नव्हे.

मग फ्रायर खरा कीं आजीबाई? दोघेहि आपापल्या जागीं खरे आहेत. खिचडीवरच्या तुपानें तृप्ति येते, हा आजीबाईंचा अनुभव आंतड्यांच्या साक्षीनें बळकट झाला आहे. पण आजीबाईंच्या तुपाला पळीचें माप होतें. घरीं कढविलेलें तूप वर्षभर पुरवावयाचें असे. शिवाय ती खिचडी खाणारीं माणसें गड चढतीं-उतरतीं होतीं. फ्रायरच्या पुस्तकांतील पुष्टतेला त्या हजारांवर पायऱ्यांचा उतारा लागू होता. माप गेलें आणि पायऱ्या गेल्या, म्हणजे उरतें तें केवळ तूप. आणि त्याचा दोष तुपाला लावतां येत नाहीं.

शरीरानें आपल्यासाठीं एक शहाणा पहारेकरी नेमून ठेवला आहे. तो वेळेवर दार लावतो आणि वेळेवर उघडतो; त्याला ऐकूं येईल इतकी शांतता मात्र जेवतांना राखावी लागते. घाईनें, उभ्याउभ्यां, दुसरें कांहीं पाहत खाणाऱ्याच्या बाबतींत, आंतड्यांतला निरोप मेंदूंत पोंचण्यापूर्वींच दुसरें ताट संपलेलें असतें.

हिरकणीवाडीच्या वर तो बुरूज अजून उभा आहे. गडाचा दरवाजा सूर्यास्ताला बंद झाला, तो नियम होता. आणि आईनें कडा उतरला, तोहि एक नियमच होता, दरवाज्याच्या नियमाहून फार जुना. बाळ दूध प्यालें, निवलें आणि झोपलें. त्या रात्रीं त्या झोंपडींत जें घडलें, तें कोणत्याहि बखरीनें लिहून ठेवलें नाहीं. पण तें आजहि प्रत्येक घरीं रोज घडत आहे. मुलाच्या पोटाला स्नेह मिळावा, मोठ्यांच्या ताटाला माप मिळावें आणि कोणाच्याहि आईला भुकेल्या मुलासाठीं कडा उतरावा लागूं नये, एवढें साधलें तर या शास्त्राचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.